ड्रेको एका रात्रीत सुधारत नाही

फॅन फिक्शन लिहिणाऱ्याला पात्रांची ओळख करून द्यावी लागत नाही, ही मोठी सोय. डोळ्यांचा रंग, घरची परिस्थिती, आईबापांची नावं, कोणाशी कधी भांडण झालं, सगळं वाचकाला पाठ असतं. अडचणही तीच. तुमच्या नायकानं दुसऱ्याच पानावर काही भलतं केलं की वाचक पुस्तक मिटवल्यासारखा चेहरा करतो आणि म्हणतो, ‘हा असं वागणारच नाही.’ या लिखाणातली मंडळी त्याला ‘ओओसी’ म्हणतात, म्हणजे पात्र स्वतःच्या स्वभावाबाहेर गेलं. प्रेमकथांवर हा आरोप सर्वांत जास्त होतो. त्याचं कारण उघड आहे. प्रेमकथेत माणूस बदलला नाही तर गोष्ट पुढं सरकत नाही, आणि बदलला की वाचक पुरावा मागतो.

तो पुरावा कुठून आणायचा आणि कसा मांडायचा, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

दुसऱ्याची पात्रं घेऊन त्यांच्या प्रेमाची गोष्ट सांगणं मराठीला नवं नाही. 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा कथानक महाभारतातलंच होतं. पण आदिपर्वात सुभद्रेच्या मनाचा फारसा पत्ता लागत नाही. स्वयंवरात ती कुणाला निवडेल याचा भरवसा नाही, तेव्हा तिला पळवून ने, असा सल्ला कृष्ण अर्जुनाला देतो आणि कथा पुढं जाते. किर्लोस्करांनी नेमकी ती रिकामी जागा हेरली आणि तिथं अर्जुनासाठी झुरणारी मुलगी उभी केली. वि. स. खांडेकरांनी 1959 च्या ‘ययाति’त आणखी एक गोष्ट केली. देवयानीला नाकारून गेलेला कच महाभारतात पुढं फारसा उरत नाही. खांडेकरांनी त्याला कादंबरीभर जिवंत ठेवला, आणि ययाति, देवयानी, शर्मिष्ठा या तिघांनाही आपापली बाजू आपल्या तोंडानं सांगू दिली. देवयानी राणी होते, पण नकाराची जखम घेऊन होते, हे त्यामुळं वाचकाला विसरता येत नाही. मूळ कथेनं जे मोकळं सोडलं तिथं शिरायचं आणि जे घडलेलं आहे त्याची आठवण पात्राला ठेवू द्यायची, हे दोन धडे इथंच मिळतात. पण किर्लोस्कर-खांडेकरांच्या वाचकाला पुराणकथेत थोडा इकडचातिकडचा बदल चालत होता. आजच्या फॅन वाचकाला मूळ पुस्तकातलं वाक्य न् वाक्य माहीत असतं. तो जास्त कडक परीक्षक आहे.

उदाहरणासाठी एकच जोडी घेऊ आणि तिच्यामागं हात धुऊन लागू. हॅरी पॉटरच्या जगातली ड्रेको मॅलफॉय आणि हर्मायनी ग्रेंजर ही जोडी. मूळ सात पुस्तकांत त्यांच्यात प्रेमाचा मागमूस नाही. तिचं लग्न तिचा मित्र रॉनशी होतं, त्याचं दुसऱ्याच मुलीशी. तरीही फॅन फिक्शनमध्ये ही जोडी इतकी लाडकी आहे, की 2025 साली या जोडीवरच्या तीन गाजलेल्या कथा नावं आणि जग बदलून रीतसर इंग्रजी कादंबऱ्या म्हणून छापून आल्या. आणि हीच जोडी सर्वांत जास्त वेळा फसतेही. फसण्याची तऱ्हा ठरलेली: शाळेत एका प्रकल्पासाठी दोघांना एकत्र बसवतात, ड्रेको तिच्या डोळ्यांत बघतो आणि सात वर्षांचा द्वेष एका परिच्छेदात वितळतो. पुढची तीस प्रकरणं तो तिच्यासाठी फक्त छत्री धरून उभा.

आधी मूळ पुस्तकात बसा. तुम्हाला पात्र आवडतं म्हणून ते तुम्हाला माहीत आहे असं समजू नका. आवडीच्या पात्राबद्दलच आपण सर्वांत जास्त खोटं लक्षात ठेवतो. एक वही घ्या आणि त्या पात्रानं प्रत्यक्ष काय केलं तेवढंच लिहा. मनातला गोडवा त्या वहीत नको.

ड्रेकोची वही अशी दिसेल. दुसऱ्या पुस्तकात तो क्विडिचच्या मैदानावर सगळ्यांसमोर हर्मायनीला ‘मडब्लड’ म्हणतो, म्हणजे जादूगार नसलेल्या आईबापांच्या मुलांना दिली जाणारी शिवी. सहाव्यात शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांना मारण्याची कामगिरी त्याच्यावर येते. ती जमत नाही म्हणून तो बाथरूममध्ये एका भुतासमोर रडतो. मनोऱ्यावर निःशस्त्र म्हातारा समोर असताना त्याच्या हातातली छडी किंचित खाली येते. सातव्यात, त्याच्याच घरी हॅरीला पकडून आणल्यावर त्याला ओळख पटवायला सांगतात, तेव्हा तो नीट सांगता येत नाही म्हणून नजर चुकवतो. इथवर बहुतेक लेखकांना आठवतं. पुढचं मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. त्याच घरात त्याची मावशी बेलाट्रिक्स हर्मायनीचा छळ करते आणि ड्रेको काहीच करत नाही. नंतर शेवटच्या लढाईत तो हॅरीला पकडायला येतो, हॅरीच त्याला आगीतून ओढून वाचवतो, आणि त्यानंतरही तो एका डेथ ईटरपुढं, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टच्या अनुयायापुढं, आपण त्यांच्याच बाजूचे आहोत म्हणून गयावया करताना दिसतो.

ही नोंद वाचताना ड्रेको शूर वाटत नाही आणि दुष्टही वाटत नाही. तो कच खाणारा मुलगा आहे. वाईट कृत्य शेवटाला नेण्याची हिंमत त्याच्यात नाही, आणि ते थांबवण्याचीही नाही. तुमच्या प्रेमकथेला हाच कच्चा माल आहे. त्याला आतून पहिल्यापासून चांगला, पण बापाच्या धाकानं गप्प बसलेला राजकुमार करून टाकलंत, तर बदलायला काही शिल्लकच राहत नाही. भित्रा माणूस एकदा, उशिरा, थरथरत का होईना उभा राहिला, तर त्यात गोष्ट आहे.

याच वहीत आणखी एक ठरवून टाका: पुस्तक प्रमाण की सिनेमा? तिसऱ्या पुस्तकात हर्मायनी ड्रेकोच्या थोबाडीत मारते, सिनेमात ठोसा लगावते. सिनेमात बेलाट्रिक्स तिच्या हातावर ती शिवी कोरते. पुस्तकात असं काही नाही. हातावरच्या त्या व्रणावर शेकडो हळव्या प्रसंगांची इमारत उभी आहे. बांधायला हरकत नाही, पण मग तुमची कथा सिनेमातल्या जगात घडते हे लक्षात ठेवा आणि एका प्रकरणात सिनेमा, दुसऱ्यात पुस्तक असं करू नका.

मराठी मालिकांवर लिहिणाऱ्यांपुढं हा पेच जास्त बिकट असतो. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधल्या घना-राधाचं करारानं झालेलं लग्न घ्या. अशी गोष्ट फॅन फिक्शनसाठी तयार जमीनच. पण रोजची मालिका शेकडो भाग चालते, आणि त्यात एकच पात्र सोमवारी समजूतदार नि शुक्रवारी हटवादी असू शकतं, कारण शुक्रवारी भाग संपताना धक्का हवा असतो. अशा वेळी सगळे भाग सारखे मानू नका. तुमच्या दृष्टीनं पात्राचं खरं रूप दाखवणारे दहाबारा प्रसंग निवडा, त्यांच्याशी इमान राखा, बाकीचे सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. प्रेमात पडल्यामुळं माणूस बदलला, एवढं कारण वाचकाला पुरत नाही. आवडणाऱ्या माणसाशी गोड वागायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. बदल खरा वाटतो तो त्याची किंमत मोजलेली दिसली की. म्हणून प्रत्येक मोठ्या वळणापाशी स्वतःला विचारा: हे केल्यानं याचं काय गेलं?

ड्रेकोचं काय जाईल? घर जाईल. मूळ लेखिका रोलिंगबाईंनी मॅलफॉय कुटुंबाला वाटेल ते दोष दिले, पण एकमेकांवर माया नसल्याचा दोष कधीच दिला नाही. हॅरी मेला आहे असं ड्रेकोची आई नार्सिसा थेट व्होल्डेमॉर्टला खोटं सांगते, ते केवळ आपल्या मुलापर्यंत पोचता यावं म्हणून. लढाई चालू असताना आईबाप दोघं मुलाला हाका मारत फिरतात. अशा आईला ‘मी ग्रेंजरशी लग्न करतोय’ हे सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. इथं बापाचा आरडाओरडा लिहिणं सोपं. आईनं काहीही न म्हणता जेवणाच्या टेबलावरून उठून जाणं अवघड, आणि त्यातच ड्रेकोची कसोटी आहे. बहुतेक कथांत मॅलफॉय आईबाप राक्षस तरी असतात किंवा तिसाव्या प्रकरणात अचानक सुनेला दागिने तरी घालतात. दोन्हीत किंमत शून्य.

आणि हर्मायनीचं काय? प्रेमकथांत सर्वांत मोठा अन्याय तिच्यासारख्या नायिकांवर होतो. सगळा विकास नायकाच्या वाट्याला, आणि ती समजूतदारपणे वाट बघत बसलेली, जणू नायक सुधारल्याबद्दल मिळणारं बक्षीस. मूळ हर्मायनी अशी मुळीच नाही. तिनं एका खोटारड्या पत्रकार बाईला ती किड्याच्या रूपात असताना बरणीत कोंडून ठेवलं होतं. गुप्त गटाची चहाडी करणाऱ्या मुलीच्या तोंडावर फोड उठावेत अशी तजवीज तिनं आधीच करून ठेवली होती, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. क्विडिचच्या निवडीत रॉनचा नंबर लागावा म्हणून तिनं दुसऱ्या मुलावर चोरून मंत्र टाकला. आईबापांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं, त्यांना न विचारता. हेतू नेहमी चांगला, खात्री नेहमी पक्की, आणि दुसऱ्याची संमती हा विषयच नाही. ही बाई कनवाळू आहे तशीच निष्ठुरही आहे.

म्हणजे तिलाही बदलायला भरपूर वाव आहे. ड्रेकोशी जवळीक होताना तिच्यातली ‘मीच ठरवणार’ ही वृत्ती वर येईलच. ती त्याला सुधारणेचा प्रकल्प समजेल, जसं तिनं घरगडी एल्फ मंडळींना न विचारता त्यांच्या मुक्तीची चळवळ काढली होती. त्यालाही ते कळेल आणि तो चिडेल. ते भांडण लिहा. त्या भांडणात दोघांचंही थोडं बरोबर असू द्या. मला तर वाटतं, या जोडीची चांगली कथा ड्रेकोच्या पश्चात्तापापेक्षा या भांडणावर जास्त उभी राहते.

रॉनला खलनायक करू नका. नवी जोडी जुळवायची म्हणून जुना जोडीदार एकाएकी दारुडा, संशयी किंवा हात उचलणारा निघतो, ही या लिखाणातली सर्वांत आळशी युक्ती. सातव्या पुस्तकात रॉन रागानं तंबू सोडून गेला होता आणि परत आला होता. त्या दोघांच्या कुरबुरी पहिल्या वर्षापासूनच्या आहेत. वेगळं व्हायला एवढं पुरेसं आहे. चांगला रॉन सोडून ती ड्रेकोकडं वळत असेल, तर तिला त्याचं उत्तर स्वतःशी द्यावं लागेल. वाईट रॉन तिला त्यातून फुकट सोडवतो.

यानंतर वेळेचा हिशेब. एक साधं कॅलेंडर समोर ठेवा. हॉगवर्ट्सची लढाई 2 मे 1998 ची. हर्मायनीचा जन्म 19 सप्टेंबर 1979, ड्रेकोचा 5 जून 1980. युद्धानंतर राहिलेलं वर्ष पुरं करायला दोघं सप्टेंबर 1998 मध्ये शाळेत परतली अशी कल्पना केलीत, तर दोघंही अठराच्या वर आहेत. शाळकरी पात्रांच्या प्रेमकथा लिहिताना त्यांना सज्ञान झाल्यावरच्या काळात आणा, हा माझा आग्रहच आहे. त्याचा कथेलाही फायदा होतो: युद्ध संपलेलं असतं, मेलेली माणसं मोजून झालेली असतात, आणि ‘तेव्हा तू काय करत होतास?’ हा प्रश्न हवेत असतो. सप्टेंबर ते जून असे दहा महिने हाताशी येतात. पहिला नीट संवाद कधी, पहिला विनोद कधी, पहिला स्पर्श कधी, हे महिन्यांवर टाकून बघा. सगळं ऑक्टोबरातच आटपत असेल तर कथेत घाई आहे. याला हल्ली ‘स्लो बर्न’ म्हणतात, पण नुसतं चुंबन लांबवलं की स्लो बर्न होत नाही. दर महिन्याला दोघांतलं काहीतरी परत न फिरण्याइतकं हललं पाहिजे.

हे कसं करायचं ते पाहायचं असेल, तर जेन ऑस्टेनकडं जाण्यावाचून गत्यंतर नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 1813 सालची. तिच्यात 61 प्रकरणं आहेत. नायक डार्सी पहिली मागणी घालतो ती चौतिसाव्यात, एप्रिल महिन्यात, आणि ती घालताना नायिका एलिझाबेथचं घराणं आपल्या तोलाचं नाही हेही ऐकवतो. ती त्याला झाडून काढते. पस्तिसाव्यात तो पत्र देतो आणि निघून जातो. मग तो पुन्हा भेटतो त्रेचाळिसाव्या प्रकरणात, उन्हाळ्यात, पेम्बर्लीला, त्याच्या घरी. मधल्या काळात तो पानावर नाहीच. त्याचा बदल पडद्याआड होतो! ऑस्टेननं त्याच्या मनातला एकही पश्चात्तापाचा उमाळा आपल्याला दाखवलेला नाही. आपण काय बघतो? त्याची घरकामाची व्यवस्था पाहणारी बाई त्याच्याबद्दल आदरानं बोलते. एलिझाबेथचे मामा-मामी व्यापारी वर्गातले, लंडनच्या त्याला कमी दर्जाच्या वाटणाऱ्या भागात राहणारे. त्यांच्याशी तो अदबीनं वागतो, मामांना मासे पकडायला बोलावतो. पुढं एलिझाबेथची धाकटी बहीण विकहॅमबरोबर पळून जाते, तेव्हा तो ज्याचा सर्वांत जास्त तिरस्कार करतो त्या विकहॅमचं कर्ज फेडून लग्न लावून देतो आणि हे कुणाला कळू नये असं बजावतो. एलिझाबेथला ते समजतं मामीच्या पत्रातून.

यातून काढायची युक्ती अशी. बदल नायिकेसमोर दाखवू नका, तिसऱ्या माणसासमोर दाखवा. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा माणसाशी नायक कसा वागतो ते दाखवा, आणि नायिकेला ते उशिरा, आडून, दुसऱ्याच्या तोंडून कळू द्या. तिच्यासमोर केलेला चांगुलपणा वाचकाला खुशामत वाटतो. शिवाय डार्सीनं नेमकी तीच चूक दुरुस्त केली जी तिनं दाखवली होती. तिनं त्याच्या वागण्यातल्या उर्मटपणावर बोट ठेवलं होतं; तो गरिबांना अन्नदान करायला गेला नाही, तिच्याच नातेवाइकांशी नीट वागला. ड्रेकोला अनाथाश्रमाला देणगी देणारा दानशूर करणारे लेखक इथं चुकतात. त्यानं जे मोडलं तेच त्याला जोडायला लावा.

ही युक्ती ड्रेकोवर चालवून बघू. नेहमीचं वाक्य असं असतं:

‘ड्रेकोनं हर्मायनीच्या तपकिरी डोळ्यांत पाहिलं. आजवर आपण जे मानत आलो ते सगळं चूक होतं, हे त्याला त्या क्षणी उमगलं.’

आता हाच टप्पा दुसऱ्या तऱ्हेनं:

‘पहिल्या वर्षाचा तो स्लिदरिनचा मुलगा ग्रंथालयाच्या दारात उभा होता. आत बसलेल्या ग्रेंजरकडं बघत त्यानं तो शब्द हलक्या आवाजात उच्चारला आणि ड्रेकोकडं वळून हसला. आता शाबासकी मिळणार अशी त्याची खात्री होती. ड्रेको थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. “तुझ्या बुटाची नाडी सुटलीय,” तो म्हणाला आणि चालू लागला. मुलानं वाकून पाहिलं. नाडी बांधलेलीच होती.’

दुसऱ्या तुकड्यात ड्रेकोनं काही मोठं केलं नाही. पळच काढला. पण तो हसला नाही, आणि हसणं ही त्याची सात वर्षांची सवय होती. पळपुटेपणा तोच, दिशा किंचित वेगळी. ऑक्टोबरात एवढंच पुरे. मार्चमध्ये त्याच मुलाला तो सगळ्यांदेखत थांबवील, आवाज चिरका होईल, शब्द धड सापडणार नाहीत, आणि स्लिदरिनच्या खोलीत त्या रात्री त्याच्याशी कुणी बोलणार नाही. वाचकाला दोन्ही प्रसंग जोडता येतील. हर्मायनीनं ऑक्टोबरातलं ऐकलं असेल की नाही, ते तुम्ही ठरवा. ऐकलं असेल तर तिनं आभार मानू नयेत. तिच्यावर उपकार झालेले नाहीत.

माफीचा प्रसंग बहुतेक सगळे लिहितात आणि बहुतेक सगळे वाईट लिहितात. ‘मी जे काही केलं त्याबद्दल मला माफ कर’ या वाक्यात माफी मागणाऱ्यानं काहीच कबूल केलेलं नसतं. माफी नेमकी हवी. तिचा छळ झाला त्या दिवशी दिवाणखान्यात मी कुठं उभा होतो, काय ऐकलं, आणि काय केलं नाही, हे त्याला त्याच्या तोंडानं सांगू द्या. बापाचा धाक, युद्ध, लहान वय ही कारणं त्यानं पुढं करू नयेत. करायचीच तर तिनं करावीत किंवा वाचकानं. आणि माफी मागितल्या क्षणी ती मिळू नये. तिला राग यावा, ती निघून जावी, नंतर कधीतरी तिनं त्यावर एखादा कोरडा प्रश्न विचारावा. क्षमा कधी झाली हे तिलाही नेमकं सांगता येऊ नये.

एवढं सगळं केल्यावर एक धोका उरतो: माणूस इतका सुधारतो की ओळखू येत नाही. ड्रेको खोचक बोलतो. तो गर्विष्ठ आहे, कपड्यांच्या बाबतीत चोखंदळ आहे, स्वतःची कीव करण्यात पटाईत आहे. प्रेमात पडला म्हणून तो मवाळ, गंभीर, कविता म्हणणारा होणार नाही. डार्सीचंच पाहा. दुसऱ्यांदा मागणी घालून होकार मिळाल्यावरही एलिझाबेथ त्याची थट्टा करायचा मोह आवरते, कारण या माणसाला अजून स्वतःवर हसणं जमत नाही हे तिला दिसतं. एवढ्या मोठ्या बदलानंतरही ऑस्टेननं त्याचा ताठपणा थोडा शिल्लक ठेवला. तुमच्या पात्राचे दोन दोष शेवटपर्यंत सांभाळा. जोडीदारानं त्यांतल्या एकावर वैतागावं आणि एकावर जीव टाकावा.

संवादांत हाक मारण्याकडं लक्ष ठेवा. ड्रेको आणि हर्मायनी एकमेकांना आडनावानं पुकारतात. ‘ग्रेंजर’चं ‘हर्मायनी’ होणं ही कथेतली मोठी घटना आहे, ती एकदाच घडते, चौथ्या प्रकरणात उधळू नका. मराठीत लिहिताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हे आणखी एक हत्यार हाताशी आहे. डार्सी-एलिझाबेथ ‘अहो-जाहो’च करतील. मालिकांतल्या पात्रांवर लिहीत असाल तर घरातल्या आजी-काकूंसमोरचं बोलणं आणि खोलीतलं बोलणं वेगळं ठेवा. एकत्र कुटुंबातलं अर्धं प्रेम त्या फरकातच असतं.

स्वतः निर्माण केलेलं नवं पात्र मूळ पात्राच्या प्रेमात पाडायचं असेल, तर ‘मेरी सू’ची गोष्ट माहीत असावी. 1973 साली पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या एका चाहत्यांच्या नियतकालिकात छोटीशी टवाळी लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू साडेपंधरा वर्षांची, सर्वांत हुशार, सगळे तिच्यावर फिदा, आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरते. तेव्हापासून अशा नायिकेला तेच नाव पडलं. पुढं या नावाचा वापर कुठल्याही कर्तबगार नायिकेला हिणवण्यासाठी झाला, तो मला पटत नाही. हुशार नायिका लिहा. फक्त इतर पात्रांना तिच्याशिवाय दुसरं काही काम असू द्या.

कायद्याचंही दोन शब्दांत. रोलिंगबाईंचं जग त्यांचं आहे. त्यावरची कथा विकू नका, चाहत्यांमध्ये वाचायला द्या. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. खांडेकर 1976 साली गेले, म्हणजे ‘ययाति’वर 2036 अखेरपर्यंत. ऑस्टेन 1817 मध्ये वारली, तिच्या पात्रांवर कुणीही लिहावं, विकावं. नटनट्यांच्या खऱ्या खासगी आयुष्यावर मात्र प्रेमकथा लिहू नका. पडद्यावरचा घना तुमचा, तो साकारणारा माणूस तुमचा नाही.

लिहून झाल्यावर एक कसोटी घ्या. नावं बदला. ड्रेकोचं काहीही नाव ठेवा, छड्या आणि किल्ला काढून टाका, आणि पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचा. आता हा मुलगा कोण, त्याला कशाची भीती वाटते, त्यानं काय केलं होतं, हे पानावरूनच कळतं का? सुरुवातीला सांगितलेल्या तीन कथा छापील कादंबऱ्या होऊ शकल्या, त्यांनाही नेमकं हेच करावं लागलं. नाव काढल्यावर पात्र नाहीसं होत असेल, तर तुम्ही आतापर्यंत मूळ लेखिकेच्या पुण्याईवर लिहीत होतात.

आणि मग वाचक शोधा. ज्यांना तुमची जोडी आधीपासून आवडते त्यांना दाखवून काही उपयोग नाही. ती मंडळी दोघांना एका खोलीत बसवलं तरी खूष होतात. मूळ पुस्तकं नीट वाचलेल्या, आणि ड्रेको-हर्मायनी हा शुद्ध वेडेपणा आहे असं मानणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला हस्तलिखित द्या. जिथं ‘हा असं वागणार नाही’ असं वाटेल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा, कारण विचारू नका. रेघ मारलेल्या प्रत्येक जागेच्या आधीचं पान पुन्हा लिहा.